लेकराच्या विश्वासाने देवाशी बोलावे, जपून माणसांशी बोलावे : घरी करता येण्याजोगा रोजचा अभ्यास

देवघरासमोर नेमाने बसणाऱ्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. ज्या जिभेने आता देवाचे नाव घेतले, त्याच जिभेने अर्ध्या तासाच्या आत घरातल्या कोणाला तरी लागेल असे बोलून जातो. मला हा अनुभव एका संध्याकाळी फार जवळून आला. हरिपाठ नुकताच संपला होता, पुस्तक अजून हातात होते, आणि हल्ली कमी ऐकू येणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी तिसऱ्यांदा विचारले, "गॅस बंद केलास का?" मी म्हणाले, "किती वेळा सांगू? केला ना!" आवाज चढा होता, आणि तो नुसता त्यांना ऐकू जावे म्हणून चढलेला नव्हता, हे त्यांनाही कळले आणि मलाही. त्यानंतर चार दिवस त्यांनी मला काहीच विचारले नाही.

त्या चार दिवसांत मी स्वतःला पुष्कळ प्रश्न विचारले, आणि पुढे हळूहळू एक रोजचा क्रम बसवत गेले. तोच येथे सविस्तर मांडते आहे. माझे घर वारकरी असल्यामुळे उदाहरणे विठ्ठलाची आणि संतांची येतील. आपले दैवत वेगळे असेल तर त्याचे नाव घालून हाच क्रम जसाच्या तसा चालेल.

प्रार्थना आणि बोलणे या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत होते, ही माझी मूळ चूक होती. आपल्या परंपरेने त्या कधीच वेगळ्या धरलेल्या नाहीत. गीतेच्या 17व्या अध्यायात वाणीचे तप सांगताना, दुसऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे बोलणे आणि स्वाध्यायाचा अभ्यास, हे सारे एकाच श्लोकात एकत्र बांधले आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरीची सांगता करताना ज्ञानदेवांनी पसायदान मागितले, तेव्हा त्यांनी आपल्या साऱ्या ग्रंथाला 'वाग्यज्ञ' म्हटले. शब्दांचा यज्ञ करून झाल्यावर मगच देवाकडे हात पसरले. मला स्वतःला असे वाटते की टोचून बोलण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते. आपले कोणी ऐकणार नाही, आपल्या हातून काही निसटेल, आपल्याला कमी लेखले जाईल, अशी ती भीती असते. ज्याने आपली भीती आईजवळ सांगून टाकली आहे, त्या लेकराला दुसऱ्याला बोचकारण्याची गरज कमी पडते. म्हणून या क्रमात प्रार्थना आधी येते आणि बोलण्याचा अभ्यास तिच्या मागोमाग येतो.

पहिली पायरी : क्षणभर उभे राहणे

हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारी क्षणभर उभे राहायला सांगतो. तास किंवा प्रहर असे कोणतेही माप त्यात घातलेले नाही, आणि सुरुवात करणाऱ्याने हे मनावर घ्यावे. रोज पाच मिनिटे ठरवावीत, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच जागी. दिवा लावावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसावे. ज्यांना घरकामातून एवढीही सवड नाही त्यांनी जनाबाईंची आठवण ठेवावी. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी दळताना आणि कांडताना देवाला गाईन असे म्हटले, आणि त्यांचा विठ्ठल जात्यापाशीच येऊन बसला. भाकरी थापताना केलेली प्रार्थना कमी प्रतीची ठरत नाही.

दुसरी पायरी : देवाला 'तू' म्हणणे

मराठी घरांत एक गोष्ट इतकी सवयीची आहे की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. वडिलांना, आजोबांना, सासऱ्यांना आपण 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणतो. आईला मात्र 'अगं' आणि 'तू' म्हणतो. आणि साऱ्या विश्वाचा जो धनी, त्यालाही आपण 'तू' च म्हणतो. आपल्या भाषेने देवाला मोठ्या माणसांच्या ओळीत बसवलेले नाही, तर स्वयंपाकघरात आईच्या शेजारी आणून बसवले आहे. म्हणूनच कमरेवर हात ठेवलेला तो पुरुषरूपी देव आपल्या तोंडी सहज विठाई होतो, विठू माउली होतो, आणि जनाबाई त्याला 'ये गे माझे विठाबाई' अशी हाक मारू शकतात.

ही सवलत भाषेने दिलेली असताना आपण मात्र देवासमोर बसताच अर्ज लिहिल्यासारखे बोलू लागतो. 'हे परमेश्वरा, माझ्यावर कृपादृष्टी असावी' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते कोणतेही मूल आपल्या आईला कधी म्हणणार नाही. या पायरीवर करायचे ते एवढेच की लहानपणी आईला जी हाक मारत होतो, त्या हाकेच्या सुरात देवाला हाक मारावी. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, विशेषतः पुरुषांना फार वाटतो. घरात कोणी नसताना, हलक्या आवाजात, पण ओठ हलवून म्हणावे. मनातल्या मनात म्हटले की विचार भरकटतात, आणि जी जीभ पुढे दिवसभर वापरायची आहे तिला वळण लागत नाही.

तिसरी पायरी : जे खरोखर मनात आहे ते सांगणे

नामदेवांच्या बालपणीची नैवेद्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वडील दामाशेटी गावाला गेले, म्हणून आई गोणाईने लहान नामदेवाला नैवेद्य देऊन देवळात पाठवले. ताट पुढे ठेवले की देव जेवतो, अशीच त्या मुलाची खात्री होती. देव जेवेना तेव्हा त्याने आपले काय चुकले असे विचारले, आर्जव केले, आणि शेवटी पायरीवर डोके आपटून घ्यायला निघाला. तेव्हा देवाने नैवेद्य खाल्ला.

हीच कथा पंजाबातही पोहोचली आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांच्या 61 रचना आहेत, आणि त्यांतल्या राग भैरवमधल्या एका रचनेत नैवेद्याच्या जागी दूध आहे. कपिला गाय दोहून वाटीत दूध आणले आहे, शेजारी गडव्यात पाणी आहे, आणि दूध पी, नाहीतर घरी वडील रागावतील, असे नामदेव देवाला सांगत आहेत. मला या एका वाक्यापाशी नेहमी थांबावेसे वाटते. मोक्ष, भक्ती, वैराग्य यांतले काहीही त्या मुलाने मागितले नाही. त्याच्या मनात त्या क्षणी वडिलांची भीती होती, तर त्याने देवाला वडिलांची भीती सांगितली.

आपणही असेच करावे. प्रार्थनेचे पहिले वाक्य त्या दिवशीच्या खऱ्या गोष्टीचे असावे. 'विठाई, आज बँकेच्या हप्त्याची तारीख आहे आणि खात्यात पैसे कमी आहेत, मला धडधडते आहे.' 'विठाई, जाऊबाई उद्या येणार आहेत आणि मला त्यांच्याशी बोलावेसे वाटत नाही.' दुसरे वाक्य प्रार्थनेत शोभत नाही असे कोणाला वाटेल, पण मन जर त्याच ठिकाणी अडकलेले असेल तर तेच सांगायला हवे; आईपासून लपवलेली गोष्ट लेकराला झोपू देत नाही. सुरुवातीला सुचत नसेल तर रोज तीन वाक्ये ठरवून घ्यावीत: आज मला कशाची भीती वाटते, आज मला कशाचा आनंद झाला, आज मी कोणावर रागावले आहे. वाक्ये लहान ठेवावीत. तिसऱ्या वाक्यात ज्याचे नाव येईल त्याच्याशी त्या दिवशी आपले बोलणे घसरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून ते नाव लक्षात ठेवावे; पुढच्या पायऱ्यांवर ते उपयोगी पडेल.

चौथी पायरी : मागणे, आणि मागून झाल्यावर सोडणे

देवाकडे काही मागूच नये असे सांगणारे लोक भेटतात. निष्काम भक्तीची थोरवी मी मान्य करते, पण ज्याला अजून ती साधलेली नाही त्याने साधल्याचा आव आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेकराला हवे असते तेव्हा ते मागते. 'हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा' असे म्हणताना तुकोबांनीही मागितलेच आहे.

मागण्याची रीत मात्र सांभाळावी. नवसात आपण नकळत व्यवहार करतो: तू हे दे, मी ते देईन. ज्यांनी नवस बोलला आहे त्यांनी तो श्रद्धेने फेडावा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु 'मला ताक दिलेस तर मी तुला 11 रुपये देईन' असे कोणते मूल आईला म्हणते? ते नुसते 'ताक दे' म्हणते. आपणही 'मुलीचे लग्न ठरू दे' एवढेच म्हणावे, आणि त्याला एक वाक्य जोडावे: 'तुला ठाऊक आहे तसे कर.' हे दुसरे वाक्य म्हणणे पहिल्यापेक्षा पुष्कळ जड जाते. ते जमावे म्हणून तुकोबांच्या एका ओळीचा मला फार आधार आहे. 'लेंकराचें हित वाहे माउलीचें चित्त'. लेकराच्या हिताचा भार लेकराने वाहायचा नाही, तो आईच्या चित्तावर आहे. ताप आलेल्या मुलाने भजी मागितली तर आई देत नाही, आणि मूल रुसून तिच्याच मांडीवर झोपते. मागितलेले मिळाले नाही तरी मांडी सोडायची नाही, हेच या पायरीवर शिकायचे आहे. रुसायला हरकत नाही. नामदेव आणि जनाबाई देवाशी मनसोक्त भांडले आहेत.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. विश्वास ठेवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे असा अर्थ कोणी घेऊ नये. दुखणे असेल तर डॉक्टरांकडे जावे, औषध वेळेवर घ्यावे, आणि औषध घेताना देवाचे नाव घ्यावे. मन फार दिवस खचलेले असेल तर तेही दुखणेच समजून डॉक्टरांना दाखवावे. लेकरू आईवर विसंबते, तेव्हा आईने हातात दिलेला घासही ते खाते.

कधी कधी यातले काहीच सुचत नाही. घरात मृत्यू झालेला असतो, किंवा मन नुसते कोरडे पडलेले असते. अशा दिवशी शब्दांचा हट्ट धरू नये, 'रामकृष्णहरी' म्हणत एक माळ ओढावी. 108 मण्यांच्या तुळशीच्या माळेला घाई न करता पाच-सहा मिनिटे लागतात. मेरुमणी आला की तो ओलांडू नये, माळ तेथूनच उलट फिरवावी. लहान मूलही दर वेळी आईशी वाक्ये बोलत नाही. नुसते 'आई, आई' म्हणत तिच्या पदराला धरून फिरते.

पाचवी पायरी : देवघरातून उठल्यावरचे पहिले वाक्य

हा दुवा मला फार उशिरा सापडला, आणि मी जर एकच पायरी सांगू शकले असते तर हीच सांगितली असती. प्रार्थना संपल्यावर आपण जे पहिले वाक्य माणसाशी बोलतो, ते प्रार्थनेचाच शेवटचा भाग समजावे. उठण्याआधी तीन श्वास थांबावे, आणि ते वाक्य कोणाशी असेल व काय असेल ते ठरवून मगच उठावे. माझ्या घरी ते बहुधा 'बाबा, चहा टाकू का?' असे असते. वाक्य साधेच आहे, पण ते कोणत्या सुरात बोलायचे हे मी देवासमोर बसून ठरवलेले असते, आणि पुढची पाच-दहा वाक्ये त्याच सुराला धरून येतात.

ज्यांनी आषाढीच्या वारीत चार मुक्काम तरी चालून पाहिले आहे त्यांना याचा पुरावा वेगळा द्यायला नको. आळंदीहून किंवा देहूहून निघालेल्या दिंडीत जो तो एकमेकाला 'माउली' म्हणतो. पाण्याच्या टँकरपाशी रांग मोडणाऱ्यालाही 'माउली, मागे या' असेच म्हटले जाते, आणि बंदोबस्ताचे पोलीसही 'माउली, बाजूला चला' म्हणतात. 'माउली' म्हणून वाक्य सुरू केले की शिवी देऊन ते पुरे करता येत नाही. हाक नीट निवडली की पुढचे शब्द आपोआप आवरते होतात, म्हणून तिसऱ्या पायरीवर ज्याचे नाव आले होते त्याला आज कोणत्या नावाने हाक मारायची, हे आधीच ठरवून ठेवावे.

सहावी पायरी : ज्ञानदेवांची चार मापे

ज्ञानेश्वरीच्या 13व्या अध्यायात चांगल्या बोलण्याचे वर्णन असे आहे: 'साच आणि मवाळ, मितुले आणि रसाळ, शब्द जैसे कल्लोळ अमृताचे.' ही चार विशेषणे मी चार मापांसारखी वापरते.

पहिले माप साचपणाचे. आपण मुद्दाम खोटे क्वचित बोलतो, परंतु 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द घालून दिवसाकाठी कितीतरी असत्ये बोलतो. 'तू नेहमी उशिरा येतोस', 'तुम्ही माझे कधीच ऐकत नाही' ही वाक्ये ज्याला उद्देशून असतात त्याला ती खोटी आहेत हे तत्काळ कळते, आणि तो मुद्दा सोडून त्या एका शब्दाशी भांडू लागतो. 'आज तू साडेनऊला आलास, आणि मी आठपासून वाट पाहत होते' असे म्हणावे. आठवडाभर या दोन शब्दांवर पहारा ठेवून पाहावे. घरातले निम्मे वाद तेथेच थांबतात, असा माझ्या घरचा अनुभव आहे.

दुसरे माप मवाळपणाचे. पुष्कळ लोक साचपणाच्या जोरावर हे माप टाळतात; 'मी खरे बोलते म्हणून लोकांना राग येतो' असे म्हणतात. तसे मीही अनेक वर्षे म्हणत होते. 17व्या अध्यायात ज्ञानदेवांनी याचे उत्तर परिसाच्या दृष्टान्ताने दिले आहे: परीस लोखंडाचे सोने करतो, पण ते करताना लोखंडाला तोडत नाही. माणसाला सुधारताना त्याला मोडावे लागत असेल तर आपल्या हातात परीस नसून हातोडा आहे, असे मी त्यावरून समजते.

पसायदानात तर या मवाळपणाचा एक शब्द असा आहे की तो जवळून पाहिला पाहिजे. ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते, त्यांतला एक जण देवाकडे मागतो आहे, आणि तो 'खळ नष्ट होवोत' असे म्हणत नाही. 'खळांची व्यंकटी सांडो' असे म्हणतो. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. तो गळून पडावा, माणूस राहावा, आणि पुढे त्याला सत्कर्माची गोडी लागावी. दोष आणि माणूस यांच्यामध्ये एक शब्द घालून त्यांनी दोघांना वेगळे केले आहे. आपल्याला हे घरात रोज करता येते. 'तू आळशी आहेस' आणि 'आज अंथरूण काढायचे राहिले' या दोन वाक्यांत हेच अंतर आहे. मुलांशी बोलताना हे विशेष जपावे, कारण आईने लावलेले विशेषण मूल खरे मानते आणि पुष्कळ वर्षे अंगावर वागवते.

तिसरे माप मितुलेपणाचे, म्हणजे मोजके बोलण्याचे. याबद्दल मोजकेच लिहिते: एक चूक एकदाच सांगावी, आणि तिच्यासोबत मागच्या दिवाळीतली चूक बाहेर काढू नये.

चौथे माप रसाळपणाचे. रसाळ बोलायचे म्हणून गोड गोड बोलायचे नसते. ऐकणाऱ्याच्या आत ओलावा पोहोचावा, एवढीच अपेक्षा असते. माझी आजी या बाबतीत फार काटेकोर होती. घरातून निघताना कोणी 'जाते' म्हटले की ती थांबवून 'येते' म्हणायला लावी. दिवा 'विझला' म्हणू देत नसे, तो 'शांत झाला' म्हणायचे. तांदूळ 'संपले' म्हणायचे नाही, 'वाढले' म्हणायचे. वास्तू 'तथास्तु' म्हणते, असे ती बजावत असे. लहानपणी मला ही निव्वळ समजूत वाटे. आता वाटते की त्या पिढीने ऐकणाऱ्याच्या कानाची केवढी काळजी घेतली होती. दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'जाते' ऐकू येणे आणि 'येते' ऐकू येणे यांत त्याच्या पुढच्या सबंध दुपारचा फरक असतो.

फोनवर लिहिलेल्या शब्दांनाही हीच चार मापे लावावीत, किंबहुना अधिक कडकपणे लावावीत, कारण तेथे आपला चेहरा आणि आवाज सोबत जात नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राग येईल असे काही वाचले तर उत्तर लिहावे, पण पाठवू नये. संध्याकाळच्या दिव्यानंतर ते पुन्हा वाचावे. माझी अशी बहुतेक उत्तरे दिव्यानंतर पुसली गेली आहेत.

सातवी पायरी : दुसऱ्याचे शब्द आपल्याला लागतात तेव्हा

आपण कितीही जपून बोललो तरी दुसरा जपेलच असे नाही. टोमणे ऐकावे लागतात, आणि वय वाढले तरी ते लागायचे थांबत नाहीत. या ठिकाणी मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांइतके जवळचे औषध मला ठाऊक नाही. लोकांच्या वागण्याने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांना समजावले. जगाचा रागाने अग्नी झाला तर संताने पाणी व्हावे, असे ती म्हणते. शब्दांची शस्त्रे झाली तरी त्यांतला उपदेश घ्यावा, असे सांगते. आणि मग विचारते की दातांनी जीभ चावली म्हणून कोणी बत्तिशी तोडली आहे काय? घरातल्या माणसाच्या बोलण्याने जखम होते, ती बरोबर दातांनी जिभेला केलेल्या जखमेसारखी असते. दुखते खरे, पण दोन्ही एकाच तोंडातली असतात.

प्रत्यक्षात असे करावे. लागेल असा शब्द आला की लगेच उत्तर देऊ नये, 'मी आलेच' म्हणून उठावे आणि पाण्याचा पेला भरून घ्यावा. पाणी पिताना देवाला एकच वाक्य सांगावे: 'विठाई, मला लागले.' मूल पडल्यावर आधी आईकडे पाहते, दगडाकडे नंतर. एवढे झाल्यावर बोलण्याची गरज उरली असेल तर शांतपणे बोलावे. 'तुमच्या त्या शब्दाने मला वाईट वाटले' हे वाक्य साचही आहे आणि मवाळही. मात्र रोजचा अपमान, धमक्या किंवा मारहाण हे या पायरीत येत नाही. तेथे गप्प राहून सोसू नये, विश्वासाच्या माणसाला आणि गरज पडल्यास पोलिसांना सांगावे.

आठवी पायरी : रात्रीची उजळणी आणि क्षमा

झोपण्यापूर्वी दोन मिनिटे दिवसातली वाक्ये आठवावीत. सगळी आठवत बसू नये, फक्त दोन शोधावीत: एक जे बोलायला नको होते ते, आणि एक जे बोलायचे राहून गेले ते. दुसरे शोधायला विसरू नये, कारण 'भाजी छान झाली होती' हे न बोललेले वाक्यही कोणाच्या तरी मनाला लागलेले असते. दोन्ही देवाला सांगावीत आणि पुढचा दिवस त्याच्या स्वाधीन करून झोपावे. सांगता सांगता झोप लागली तरी मनाला लावून घेऊ नये. आईशी बोलत बोलत झोपी जाणे हा लेकराचा हक्कच आहे.

देवाजवळ चूक कबूल केली म्हणजे माणसाची क्षमा मागण्यातून सुटका झाली, असे मात्र समजू नये. क्षमा दुसऱ्या दिवशी उजाडताच मागावी, आणि तिच्यात 'पण' येऊ देऊ नये. 'चुकले माझे, पण तुम्हीही...' या वाक्यातल्या 'पण' ने पहिला अर्धा भाग पुसला जातो. काय बोललो ते नेमके सांगावे, समोरच्याने तसे का केले असेल ते समजल्याचे सांगावे, आणि थांबावे.

सासऱ्यांची क्षमा मागायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप देऊन मी त्यांच्या समोर बसले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी बसले, आणि म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही काळजीने विचारत होतात. माझे चुकले." त्यांनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी हरिपाठ संपला, मी पुस्तक कपाळाला लावून फडताळात ठेवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "गॅस बंद केलास का गं?" मी त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "हो बाबा, केला. चला, दोघे मिळून बघून येऊ."